वावडीवरची गोजरबाई

दानीएल मास्तरांनी गोजरबाईला पहिल्यांदा नीट पाहिलं ते एक्केचाळीस सालच्या फाल्गुनात, सोनईच्या रस्त्याकडेच्या एका खळ्यावर. तशी ती गावातलीच. मास्तरांना मिशनच्या शाळेवर येऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती, आणि बारा वर्षं ती त्यांच्या डोळ्यांसमोरून जात-येत होती. पण मास्तरांच्या लेखी ती दुसरीतल्या रतनची आजी, एवढंच.

त्या दिवशी ते सायकलवरून टपाल टाकायला निघाले होते. खळ्यावर ज्वारी उफणायचं काम चाललं होतं. मधोमध वावडी, म्हणजे तीन पायांची उंच तिवई, आणि तिच्यावर गोजरबाई उभी. साठीच्या घरातली काटक बाई. लुगडं घट्ट खोचलेलं, डोक्याला फडकं, आणि दोन्ही हातांनी दाण्या-भुसानं भरलेली पाटी डोक्याच्या वर धरलेली. वारा थांबला होता. लिंबाचं पान हलत नव्हतं. खाली तिची लेक, रतनची आई लंकाबाई, दुसरी पाटी भरून उभी होती.

"आये, पाटी खाली घे की. हात भरून येत्याल."

"गप गं," गोजरबाई वर बघतच म्हणाली. "पडलं न्हाई वारं. हिंबलंय."

आणि ती तशीच उभी राहिली. हात ताठ, मान किंचित पश्चिमेला वळलेली. मास्तरांचा पाय आपोआप जमिनीला टेकला. एकदा प्रभूची प्रार्थना म्हणून होईल एवढा वेळ गेला असेल. मग लिंबाचा शेंडा हलला, वारं आलं, तिनं पाटी कलती केली आणि भूस एकीकडे उडून दाण्याची सरळ धार खाली पडू लागली.

मास्तरांचं पत्र त्या दिवशी टपालात पडलं नाही. ते सायकल हातात धरून घरी आले.

तो शब्द त्यांनी तीस वर्षांत ऐकला नव्हता. त्यांची आई हन्ना हीसुद्धा खळ्याखळ्यावर उफणायला जायची. मिशनमध्ये बाप्तिस्मा झाला तरी सुगीचं काम सुटलं नव्हतं. तेरा वर्षांचे दानीएल नगरच्या बोर्डिंगातून सुट्टीला घरी आले होते, तेव्हा वावडीवरून आई म्हणाली होती, "वारं हिंबलं." आणि मुलगा खालून म्हणाला होता, "आई, असा शब्द नाही. वारा पडला, असं म्हणावं." आईनं त्याच्याकडे पाहिलं. मुलगा शिकतोय याचं तिला फार अप्रूप होतं. "वारा पडला," ती हळूच म्हणाली, आणि पाटी खाली घेतली. पुढं ती मरेपर्यंत वारा पडतच राहिला.

दानीएल मास्तर त्या सुमारास पुण्याच्या रंगनाथशास्त्र्यांना शब्द पाठवत असत. शास्त्रीबुवा आणि त्यांचे चार-दोन विद्यार्थी मिळून एक मोठा कोश करत होते. मराठी शब्द आजपासून मागे मागे नेत प्राकृतापर्यंत पोचवायचा, असं त्यांचं काम. गावोगावचे मास्तर त्यांना चिठ्ठ्या पाठवीत. पैसा नाही, मानपान नाही. कोशाच्या शेवटी बारीक अक्षरात नाव येईल एवढंच आश्वासन. मास्तरांनी बैलांच्या रंगांचे, मातीच्या प्रकारांचे मिळून दोनेकशे शब्द पाठवले होते. त्या संध्याकाळी त्यांनी 'हिंबणे' लिहिला. बोलणारी म्हणून गोजरबाईचं नाव टाकलं, अर्थ मात्र स्वतःच्या आठवणीतून भरला.

पंधरा दिवसांनी चिठ्ठी परत आली. सोबत शास्त्रीबुवांचं पत्र होतं, नेहमीच्या चार ओळींऐवजी दोन पानांचं. त्यांनी लिहिलं होतं, की जुन्या पोथ्यांतल्या आठ-दहा विखुरलेल्या शब्दांवरून आम्ही प्राकृतात 'हिम्ब' असं एक मूळ कल्पिलं आहे. अर्थ, आत ओढून धरणं, रोखून ठेवणं. हे मूळ कुठंही लिहिलेलं सापडत नाही. असलं पाहिजे, असं आम्ही म्हणतो. म्हणून त्याच्याआधी एक बारीक तारा छापतो. कुणी म्हणतं ते कानडी मुलखातून धनगरांबरोबर आलं, कुणी म्हणतं असं मूळच नाही. आता तुमचा शब्द आमच्या कल्पनेशी इतका तंतोतंत जुळतो की मला त्याची भीती वाटते. तेव्हा नियम पाळा. बोलणाऱ्याच्या तोंडी शब्द घालू नका. त्यानं तो आपल्या वाक्यात आपणहून उच्चारला पाहिजे, अर्थही त्याच्याच तोंडून आला पाहिजे. तिथल्या तिथं लिहून, वाचून दाखवून, खाली त्याचा अंगठा घ्या. तुमची आठवण तुमच्या आईची आहे, हे मी जाणतो. पण ती पुरावा होत नाही.

शेवटी त्यांनी लिहिलं होतं: घाई नाही. 'ह' अगदी शेवटी येतो. अजून आम्ही 'ख' मध्येच आहोत.

मास्तरांना यात अवघड काही वाटलं नाही. शब्द गावात होता, बाई गावात होती. ते दुसऱ्याच दिवशी गोजरबाईच्या अंगणात जाऊन उभे राहिले. ख्रिस्ती मास्तर मराठ्याच्या घरी अंगणापर्यंतच जायचे. तिथं लिंबाखाली त्यांच्यासाठी पोतं अंथरलं गेलं.

"गोजरबाई, मागं खळ्यावर मध्येच वारा थांबला होता. तुम्ही काय म्हणालात तेव्हा?"

गोजरबाईनं पदर सारखा केला. "मी व्हय? मी म्हणाले, वारा पडला."

"तसं नाही. दुसरं काहीतरी म्हणालात."

ती विचारात पडली. मग सावकाश, एकेक अक्षर निवडल्यासारखं बोलली, "हवा मंद झाली."

दारात लंकाबाईनं तोंडाला पदर लावला. मास्तरांनी वहीत काही लिहिलं नाही. शब्द सांगायची तर बंदी. म्हणून त्यांनी दोन्ही हात डोक्यावर नेले, पाटी धरल्यासारखे, आणि पश्चिमेकडे बघत उभे राहिले.

"अगं बया! लंके, मास्तरला पाणी दे. ऊन लागलं वाटतं."

हे का होतंय, ते मास्तरांना कळायला आणखी दोन खेपा लागल्या. तिसऱ्या खेपेला गोजरबाईनंच सांगितलं. ती शेंगा फोडत बसली होती, मान वर न करता बोलली.

"मास्तर, तुमचा त्यो लाकडाचा बिल्ला हाय न्हवं?"

बिल्ला होता. फुटक्या पाटीच्या चौकटीचं लाकूड कापून मास्तरांनीच तो केला होता, वर तापल्या खिळ्यानं 'अशुद्ध' असं कोरलं होतं. वर्गात जो 'हाय', 'न्हाई', 'लई' म्हणेल त्याच्या गळ्यात तो पडायचा. दुसरं कुणी चुकलं की त्याच्या गळ्यात. शाळा सुटताना ज्याच्याकडे असेल त्यानं तो घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तपासणीला आलेल्या मिशनच्या साहेबांनी शेरेबुकात या युक्तीची वाखाणणी केली होती. मुलं खरोखर शुद्ध बोलू लागली होती. मास्तरांना वाटायचं, पुढं कचेरीत, दवाखान्यात यांना कुणी हसणार नाही. बोर्डिंगात ते स्वतः पुष्कळ हसून घेऊन आले होते.

"रतनी तीन दिस त्यो घालून घरी आली," गोजरबाई म्हणाली. "जेवली न्हाई पोर. मला म्हनली, आजी, तू घरात तसं बोलतीस म्हनून माज्या तोंडात येतं. तवापासनं मी तिच्या म्होरं तोंड सांभाळून बोलती. आता तुमच्या म्होरं तर सांभाळायलाच पायजे का न्हाई?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आपण मास्तरांचं नीट ऐकलं, असंच तिला सांगायचं होतं. मास्तरांनी वही मिटली आणि ती पिशवीत घालायला त्यांना फार वेळ लागला.

त्या दिवसापासून बिल्ला कपाटात गेला. पण गळ्यातून काढलेलं लाकूड लोकांच्या जिभेवरून निघेना. दरवर्षी सुगीत मास्तर खळ्याकडे फिरकत. ते दिसले की सगळं खळं शाळेसारखं ताठ व्हायचं. वारा थांबला की खालच्या बायका एका सुरात सांगायच्या, "मास्तर, वारा पडला!" गोजरबाई वर तशीच उभी असायची, हात न उतरवता, तिच्या हातांना बरोबर ठाऊक होतं काय झालंय ते. तोंडानं मात्र म्हणायची, "पडला, पडला."

एका वर्षी मास्तरांनी आणखी एक उपाय केला. त्रेचाळीस सालची गोष्ट. ते सकाळीच जाऊन कडब्याच्या गंजीमागं बसले. अंगभर कुसळं, मांडीवर वही. तासभर बरं चाललं होतं. बायका मोकळ्या बोलत होत्या, आणि मास्तरांच्या ध्यानात आलं, की मोकळं बोलणं आपण या गावात पहिल्यांदाच ऐकतो आहोत. तेवढ्यात बाबाजान गाडीवाला कडबा भरायला आला आणि पहिलीच पेंढी उचलून थबकला.

"काय मास्तर! कडब्यात येशू शोधताय का काय?"

सगळं खळं हसलं. गोजरबाई वावडीवरून म्हणाली, "बाबाजान, हसू नको रे. मास्तरांचं काहीतरी हरवलंय." मग मास्तरांकडे बघून अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "काय हरवलंय मास्तर? आमी बी बघतो की."

ते उठले, कपडे झटकले, आणि काही नाही म्हणाले. सांगता आलं असतं तर काम तिथंच झालं असतं.

दुसरीकडं विचारून पाहिलं नाही असं नाही. ते सुट्टीत देवळाली प्रवरा गावी गेले. तिथं कालव्याच्या पाण्यावर सगळा ऊस. ज्वारीची खळीच उरली नव्हती. लोक म्हणाले, वाऱ्याचं आम्हाला काय काम आता? नेवाशात नदीकाठी दाऊदभाई म्हणून एक म्हातारे भेटले. त्यांनी बराच वेळ दाढी कुरवाळली. "माझी दादी म्हणायची खरी असलं काहीतरी. जिभेवर आहे बघा." मास्तर दोन दिवस तिथं राहिले. तो शब्द म्हाताऱ्याच्या जिभेवरून खाली उतरला नाही.

मधल्या काळात लढाईमुळं कागद मिळेनासा झाला आणि कोशाची छपाई अडली. शास्त्रीबुवांची पत्रं येत राहिली. एकदा त्यांनी लिहिलं, तुमच्या बाईचं काय? त्यांच्या पत्रांत गोजरबाई 'तुमची बाई' झाली होती. पुण्यात एक माणूस एका न सापडलेल्या मुळावर तारा ठेवून बसला होता, इकडं ती बाई रोज सकाळी शेण लावत होती, आणि या दोघांच्या मध्ये मास्तर उभे होते.

पंचेचाळीस सालच्या पोळ्यानंतर एक दिवस मास्तरांनी कपाटातला बिल्ला काढला आणि ते गोजरबाईकडे गेले. अंगणात चुलवणावर पाणी तापत होतं. त्यांनी बिल्ला तिच्या हातात दिला.

"हा तुम्ही जाळा."

तिनं तो उलटसुलट करून पाहिला. अक्षरांवरून बोट फिरवलं. "काय लिवलंय ह्याच्यावर?"

"अशुद्ध."

"म्हंजी?"

मास्तरांनी नुसतं जाळाकडे बोट दाखवलं. तिनं बिल्ला जाळात सरकवला. लाकूड जुनं, वाळलेलं, पटकन पेटलं. दोघं बघत राहिले. मग मास्तरांनी तिला आपल्या आईची गोष्ट सांगितली. शब्द उच्चारला नाही, पण वावडी सांगितली, बोर्डिंग सांगितलं, आईनं पाटी खाली घेतली ते सांगितलं. तो शब्द कोशात गेला तर आईचं म्हणणं खोटं नव्हतं असं छापलं जाईल, हेही सांगितलं. ते तिला फारसं कळलं नसावं. पाटी खाली घेतल्याचं मात्र तिला बरोबर कळलं.

"खाली घेतली?" तिनं पुन्हा विचारलं. "आन् वारं यायचं हुतं की मागनं."

"आलंच असेल."

"मग कोन उफणलं?"

गोजरबाईनं उरलेला तुकडा काडीनं जाळात आत ढकलला. "ह्या सुगीला या," शेवटी म्हणाली. "वावडीवर असंल तवा या. जिमिनीवर बसून मला त्ये येत न्हाई बगा. वर गेल्यावर येतं. म्हनंन तुमच्यासाठी."

त्या साली पाऊस कमी. ज्वारी इतकी थोडी झाली की लोकांनी ती सुपानंच घरात पाखडली. खळं लागलं नाही, वावडी उभी राहिली नाही. "फुडल्या सुगीला," गोजरबाई म्हणाली. पुढल्या वर्षी ज्वारी माणसाच्या वर गेली. मास्तरांनी नवी वही शिवली, शाईची गादी आणली. आणि पौषात, कणसं अजून हिरवी असताना, गोठ्यात शेण भरता भरता गोजरबाईच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली.

मास्तर पहिल्यांदा त्या घराच्या आत गेले ते तेव्हा. लंकाबाईनंच आत बोलावलं; त्या दिवसांत कोण कुठं बसतं हे कुणी बघत नव्हतं. गोजरबाई भिंतीला टेकून बसलेली होती. तिनं मास्तरांना ओळखलं. तोंड उघडलं, ओठ एका बाजूला ओढले गेले, आतून नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला. तिचे डोळे भरले.

"राहू द्या, राहू द्या," मास्तर म्हणाले. "मी सहज आलो होतो."

फाल्गुनात शास्त्रीबुवांचं कार्ड आलं. कागदाची सोय झाली आहे, 'ह' तीन महिन्यांत छापायला जातो, असेल ते पाठवा. कार्ड खिशात घालून मास्तर गेले. बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण लंकाबाईनं तोंडाकडं पाहूनच ओळखलं.

"त्याच शब्दाचं हाय न्हवं? आये कडब्याच्या वक्ताला घरी येऊन लई हसली हुती. म्हनली, मास्तर माझ्या तोंडातलं काडायला कुसळात बसला." तिनं आईकडं पाहिलं. "मला विचारा की. मी सांगती."

"तुम्ही म्हणता तो शब्द?"

लंकाबाई मान खाली घालून म्हणाली, "आमी वारा पडला म्हनतो. रतनीमुळं आमची बी तीच सवय. आयेला वर काय कळायचं ते आमाला खाली कळायचं न्हाई." मग एकदम म्हणाली, "असं करा. अंगठा घ्या तिचा. तुमी लिवा काय लिवायचं ते. तुमी ऐकलंय न्हवं? खोटं थोडंच हाय?"

खोटं नव्हतं. मास्तरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, रस्त्यावर एक पाय टेकवून. त्यांनी चिठ्ठी काढली, गादीचं झाकण उघडलं. लंकाबाईनं आईचा उजवा हात उचलून पुढं केला. हात ओल्या फडक्यासारखा होता. वीस-वीस शेर दाणा डोक्यावर तोलणारा हात. मास्तरांनी अंगठा आपल्या चिमटीत धरला, शाईला लावला.

गोजरबाई त्यांच्याकडे बघत होती. नकार नव्हता त्या नजरेत, होकारही नव्हता. तिला बहुधा एवढंच दिसत होतं, की मास्तर पुन्हा आपल्याला काहीतरी लावताहेत.

मास्तरांनी अंगठा कागदावर टेकवला नाही. आपल्या रुमालानं त्यांनी तो पुसला, रेघारेघांतली शाई निघेपर्यंत पुसला, आणि हात तिच्या मांडीवर परत ठेवला.

"का वो?" लंकाबाईनं विचारलं.

"तिनं सांगितलं नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी गादीचं झाकण लावलं. "मीच सांगतोय सगळं. मघापासून मीच सांगतोय."

पुण्याला त्यांनी कोरं कार्ड पाठवावं तसं दोन ओळींचं कार्ड पाठवलं. पुरावा मिळाला नाही. क्षमस्व.

कोशाचा शेवटचा भाग अठ्ठेचाळीस सालच्या दिवाळीत आला. मास्तरांनी तो घरी उघडला नाही. गोजरबाईच्या ओसरीवर बसून छापखान्यातून जोडलेलीच आलेली पानं फाडून सुटी केली आणि 'ह' काढला. होतं ते तिथं. आधी बारीक तारा, मग 'हिम्ब', अर्थ, आत ओढून धरणे, मूळ संदिग्ध. आणि पुढं एक ओळ: मराठीत अवशेष आढळत नाही. शेवटच्या पानावर शब्द पाठवणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव होतं, बिनचूक छापलेलं.

त्यांनी ती ओळ तिला वाचून दाखवली. नियम तसाच होता, वाचून दाखवायचा.

गोजरबाईनं ऐकून घेतलं. मग डावा हात उचलला, डोक्याच्या वर नेला आणि तिथंच धरला. उजवाही न्यायचा तिचा प्रयत्न मास्तरांना खांद्यापाशी दिसला. मान किंचित पश्चिमेला. हात तिनं खाली घेतला नाही. मास्तरांनी खिशातली पेन्सिल काढली, आणि परत ठेवली. हाताच्या खुणेची चिठ्ठी होत नाही. त्यांना उठून तिचा दुसरा हात वर धरावासा वाटला. तेही त्यांनी केलं नाही. ते बसून राहिले, तिचा हात आपणहून खाली येईपर्यंत.

यंदा, एकोणपन्नास साली, लंकाबाईच्या शेतात खळं लागलं. वावडीवर रतन चढली होती. वारा थांबला की ती पाटी खाली घेते.

गोजरबाई घरीच असते. बोलता येत नाही. सकाळी तिला ओसरीवर आणून बसवतात, आणि दुपारपर्यंत ती डाव्या हातानं ताटातली ज्वारी निवडते.